ज्युनिपरची मुळं

इंदिरानगर, नाशिक
२ फेब्रुवारी १९९९

सौ. मंजुषाताई खैरनार यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. मी मनीषा कुंदन पिंगळे. आमच्याकडे ज्युनिपरचं एक बोन्साय आहे. खोड मनगटाएवढं, एका बाजूला साल जाऊन लाकूड पांढरं पडलेलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ते गच्चीवर आहे. आमचे हे सांगतात की त्यांनी ते नर्सरीतून बोटाएवढं आणून वाढवलं. पण परवा गंगेवरच्या फूलबाजारातले कोंडाजीकाका घरी आले होते. झाड पाहून ते म्हणाले, "हे तर देवराम निकमांचं. कुंडी बदलायची असेल तर मालेगावला त्यांच्या थोरल्या मुलीला विचार. बापाच्या शेजारी बसून तीच कुंडी धरायची." पत्ताही त्यांनीच दिला.

कुंडीत पाणी घातलं की वरच तरंगतं. खालच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत. आतल्या बाजूची पानं पिवळी पडताहेत. कुंडी बदलायला पूर्वी पुण्याहून एक गृहस्थ यायचे, आता ते येत नाहीत. मेच्या शेवटी यांच्या बोन्साय मंडळाचं प्रदर्शन आहे. त्यासाठी यांनी निळी नवी कुंडी आणून ठेवली आहे आणि कुंडी बदलायचं काम माझ्यावर सोपवून हे फिरतीवर गेलेत. जाताना एवढंच म्हणाले, "झाडाला काही झालं तर बघ."

कृपा करून रीत कळवावी. मी आपल्याला लिहिलंय हे यांना माहीत नाही.

आपली,
मनीषा पिंगळे

*

कॅम्प, मालेगाव
११ फेब्रुवारी १९९९

सौ. मनीषाताईंस,
नमस्कार.

पत्र पोचलं. झाड वडिलांचंच. कोंडाजीकाकांची नजर अजून चांगली आहे म्हणायची.

आत्ता थंडीत त्याला मुळीच हात लावू नका. अक्षय तृतीया होऊन जाऊ द्या. ऊन चांगलं तापलं की झाड कुंडीतून काढा आणि पाइपाखाली मुळं धुवा. जुन्या मातीचा कणही ठेवायचा नाही. मुळांना पांढरी बुरशी दिसेल, ती तर घासूनच काढायची. मग जाड-बारीक सगळी मुळं निम्म्याहून जास्त छाटा. वरच्या फांद्याही त्याच दिवशी आवरून घ्या. नव्या मातीत शेणखत सढळ हाताने घाला आणि कुंडी थेट उन्हात ठेवा, सावलीत नको. प्रदर्शनापर्यंत पानांना अशी चमक येईल की लोक विचारत राहतील.

झाड जुनं आहे. जुन्या झाडाला जुन्या मातीतून सोडवावंच लागतं.

आपली,
मंजुषा खैरनार

*

कॅम्प, मालेगाव
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय पल्लवी,

तू म्हणशील, कुंदन पिंगळे हे नाव कागदावरसुद्धा नको. पण आज लिहिणार आहे. त्याच्या बायकोचं पत्र आलं. बाबांच्या ज्युनिपरची कुंडी कशी बदलायची, असं विचारते.

आणि मी सांगितलं. चांगल्या अक्षरात, शाळेत फळ्यावर लिहिते तसं, एकेक पायरी. बाबा जे जे करू नका म्हणायचे, ते ते सगळं करायला सांगितलंय. ती पांढरी बुरशी म्हणजे झाडाची आई, तिला धक्का लावायचा नाही, हे बाबा किती वेळा म्हणाले असतील. मी लिहिलं, घासून काढा. थंडी असतानाच करायचं, मुळं तिसरा हिस्साच कापायची, मग महिनाभर सावलीत ठेवायचं. मी लिहिलं, वैशाखात करा, धुवा, निम्म्याहून जास्त छाटा, उन्हात ठेवा. ज्युनिपर मेला तरी पुढचे कित्येक दिवस हिरवाच दिसतो, तुला आठवत असेल. मेलेलं झाड तो प्रदर्शनात मांडेल आणि लोक वाहवा करतील. मला ते बघायला मिळायला हवं होतं.

तू कधी बोलत नाहीस म्हणून मी विसरले असं समजू नकोस. कुंदन बोन्साय शिकायला म्हणून यायचा आणि लक्ष सगळं तुझ्याकडे. मागणी त्यानेच घातली. बाबांनी पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आधी, तुझ्या पावलावरचा पांढरा डाग त्याला दाखवला. म्हणाले, "हे कोड आहे. वाढेल की नाही, डॉक्टरही सांगू शकत नाहीत. आधी विचार कर." तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." मी दारात उभी होते. साखरपुड्याला बाबांनी त्याला ज्युनिपर दिला. फौजेत असताना राणीखेतच्या छावणीतून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेलं, तीस वर्षं सांभाळलेलं झाड त्यांनी जावई म्हणून त्याच्या हातात ठेवलं. आणि डाग घोट्याच्या वर आला तेव्हा त्याच्या घरचे सगळ्या भावकीत सांगत सुटले की निकमांनी पोरीचं कोड लपवलं, फसवलं. कुंदनला खरं ठाऊक होतं. तो गप्प बसला. अंगठी परत आली, साड्या परत आल्या, झाड मात्र आलं नाही. बाबांनी निरोप पाठवला तर उत्तर आलं, भेट दिलेली वस्तू कुणी मागत नाही.

त्यानंतर बाबा लग्नकार्याला गेले नाहीत. कुणी "काय निकम, बरं आहे ना" म्हटलं तरी त्यांना वाटायचं, हा मला लबाड समजतो. दोन वर्षांत गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी दुसरंच म्हणते.

माझ्या हातात इतक्या वर्षांनी काहीतरी आलंय. ते मी सोडणार नाही.

तुझी,
ताई

*

आश्रमशाळा, सुरगाणा
२६ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचलं. इकडे परीक्षांची गडबड आहे, मुली घरी जायच्या आधी सगळं आटपायचंय, म्हणून उशीर झाला.

एवढंच विचारते. पाइप धरणार कोण? मुळं छाटणार कोण? तू लिहिलंस त्यावरून तो नाही, ती. झाड मेल्यावर तो कुणाला बोलेल? तुला नाही, मलाही नाही.

मला त्या माणसाशी काही घेणंदेणं नाही. डाग आता हातांवर आणि चेहऱ्यावरही आहेत. इथल्या मुली पहिल्या दिवशी बघतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. मी सुखात आहे. जे संपलं ते उकरू नकोस.

पल्लवी

*

इंदिरानगर, नाशिक
२२ मार्च १९९९

ती. मंजुषाताईंस,
स. न.

आपण एवढं सविस्तर लिहिलंत, आभार कसे मानू. अक्षय तृतीयेची वाट बघते आहे. हे परवा फिरतीवरून आले. त्यांना सांगितलं की पुण्याच्या गृहस्थांनी फोनवर रीत सांगितली. बायकांचा सल्ला यांना चालत नाही.

आज आणखी एका गोष्टीसाठी लिहिते आहे. कुणाशी बोलायला नाही म्हणून. वाचून फाडून टाका.

मला एकच मुलगी आहे, सिंधू. अकरा वर्षांची. गेल्या दिवाळीत तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका दिसला, मग मानेवर. डॉक्टर म्हणाले कोड आहे, संसर्ग नाही, दुखत नाही, घाबरायचं कारण नाही. मी घाबरले नाही. पण यांनी त्या दिवसापासून पोरीकडे नीट पाहिलेलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा नाच होता, जाऊन नाव काढून आले. दिराच्या लग्नात सगळ्यांचा फोटो काढताना तिला म्हणाले, "आत जाऊन आजीची औषधं बघ." पोरीला कळलं. ती स्वयंपाकघरात बसून राहिली. मला म्हणतात, "तुमच्या घराण्यातलं आलंय हे. तुझ्या बापाने लपवलं असणार." माझे वडील साधे माणूस, विंचूरला कांद्याच्या बाजारात तोलाईचं काम करतात. त्यांना हे कळलं तर ते अन्न सोडतील.

काल भांडणात यांच्या तोंडून गेलं, "एकदा फसता फसता वाचलो होतो, पुन्हा नशिबी तेच." मी कोंडाजीकाकांना जाऊन विचारलं. ते फुलांची टोपली आवरायला लागले. खूप विचारल्यावर म्हणाले, "निकमांची धाकटी, पल्लवी." एवढंच.

ताई, ते काय होतं? मला खरं सांगा. मी कुणाला दोष देणार नाही.

आपली,
मनीषा

*

कॅम्प, मालेगाव
२ एप्रिल १९९९

मनीषा,

तुला अरेतुरे करते, रागावू नकोस. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.

विचारलंस म्हणून सांगते. पल्लवी माझी बहीण. तुझ्या नवऱ्याशी तिचा साखरपुडा झाला होता. तिला कोड आहे हे माझ्या वडिलांनी त्याला पहिल्या बैठकीत, तिचं पाऊल पुढे करायला लावून दाखवलं. "मला काही फरक पडत नाही," हे त्याचे शब्द माझ्या कानांनी ऐकलेत. फसवलं कुणीच नाही. पुढे डाग वाढला, घरच्यांनी धरलं, आणि आपण कबूल केलं होतं हे सांगायची त्याला लाज वाटली. म्हणून माझे वडील लबाड ठरले. आता तुझे वडील ठरताहेत. त्याला प्रत्येक वेळी एक बाप लागतो.

ज्युनिपर हे साखरपुड्याचं झाड. परत मागितलं, दिलं नाही.

आता दुसरं. मी फेब्रुवारीत लिहिलेली रीत झाड मारायची आहे. मुद्दाम लिहिली. मुळं धुतलीस की ते मरेल, आणि मेल्याचं कळायलाही वेळ लागेल. त्याला माफ केलं म्हणून हे सांगत नाही. करणारही नाही. पण कात्री तुझ्या हातात असेल आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटेल, आणि तुझं ओझं मला नको.

अजून केलं नसशील तर करू नकोस. हंगाम गेला. बांबूच्या बारीक काडीने मातीला भोकं पाड, म्हणजे पाणी आत जाईल. दुपारी सावलीत ठेव. पुढच्या थंडीत कडेची माती सोडव, मुळं तिसरा हिस्सा काप, मधला गोळा तसाच राहू दे. पांढरी बुरशी सांभाळ. एवढ्यावर ते झाड तुझ्या सिंधूच्या नातवंडांपर्यंत जगेल.

सिंधूला फोटोतून बाहेर काढू देऊ नकोस.

मंजुषा

*

इंदिरानगर, नाशिक
२८ जून १९९९

ती. मंजुषाताईंस,
सा. न.

तीन महिने लिहिलं नाही. तुम्ही काळजी केली असेल. तुमचं दुसरं पत्र वेळेवर मिळालं होतं. दोन्ही पत्रं समोर ठेवून मी बरेच दिवस विचार केला. मग पहिल्यातली रीत निवडली.

हात मात्र माझे नव्हते.

अक्षय तृतीयेच्या पुढच्या शनिवारी हे घरी होते. मी म्हटलं, "कुंडी बदलायची वेळ झाली. मला भीती वाटते, माझ्या हातून काही चुकलं तर? तुम्हीच करा, मी सांगते तसं." यांना ते आवडलं. बनियनवर गच्चीत बसले, कडेने चाकू फिरवून झाड उपसलं. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचा निघाला, घट्ट, जात्याच्या तळीसारखा. फोडला तर आत पांढरं जाळं पसरलेलं. हे म्हणाले, "बघ, बुरशी धरली होती. म्हणून पिवळं पडत होतं." मी म्हटलं, "घासून काढा म्हणाले ते." मी पाइप धरला. यांनी ब्रशने, अगदी मन लावून, सगळं काढलं. मुळं उघडी पडली तेव्हा मी क्षणभर पाइप बाजूला केला, खोटं सांगत नाही. एवढं म्हातारं झाड, आणि त्याचे पाय असे उघडे. मी तोंड उघडलं असतं तर ते वाचलं असतं.

तेवढ्यात सिंधू पाणी द्यायला वर आली. हे न बघता म्हणाले, "उन्हात कशाला आलीस, डाग वाढतील. खाली जा." ती तांब्या ठेवून गेली.

मी यांना कात्री दिली. म्हटलं, "निम्म्याहून जास्त छाटायची आहेत."

मेच्या शेवटी प्रदर्शन झालं. निळ्या कुंडीत झाड हिरवंगार होतं. पहिलं बक्षीस मिळालं. हे माइकवर बोलले, बोटाएवढं आणून कसं वाढवलं, किती कष्ट घेतले. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी सिंधू. यांनी तिला आणू नको म्हणून सांगितलं होतं, मी नवा फ्रॉक घालून आणली. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. ताई, एवढं समाधान मला कधी झालं नव्हतं, आणि ते चांगलं समाधान नव्हतं हेही मला कळत होतं.

जूनच्या सुरुवातीला टोकं करडी झाली. यांनी पाणी वाढवलं, मग औषध फवारलं. एक दिवस फांदी हातात घेतली तर पानांचा भुगा झाला. हे सकाळपासून गच्चीत बसून होते. संध्याकाळी खाली आले आणि म्हणाले, "पुण्याच्या त्या माणसाचा नंबर दे."

मी म्हटलं, "पुण्याच्या नाही. रीत देवराम निकमांच्या थोरल्या मुलीने सांगितली होती."

हे भिंतीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

म्हटलं, "हो. तुम्ही धुवत होतात तेव्हाही."

हात उचलतील असं वाटलं. उचलला नाही. तेव्हापासून आमच्या घरात कामापुरतं बोलणं आहे. मला त्याची भीती वाटत नाही. भीती आधी वाटायची.

तुमच्या वडिलांचं झाड माझ्या घरात मेलं, त्याबद्दल तुमची माफी मागते. बाकी कशाबद्दल नाही.

तुमची,
मनीषा

*

कॅम्प, मालेगाव
५ जुलै १९९९

प्रिय पल्लवी,

सोबत मनीषाचं पत्र पाठवते आहे. मी पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, तूच वाच.

वाचल्यावर मी आधी हसले. एकटीच, मोठ्याने. यंत्रमागांच्या खडखडाटात ते शेजारी ऐकू गेलं नाही म्हणून बरं. मग स्वयंपाकाला लागले आणि कणीक मळताना एकदम बाबांची बोटं आठवली, मुळांतली माती काडीने सोडवणारी. तेवढं हळू मला कधी जमलं नाही. मग मात्र रडले. झाडासाठी रडले. त्याच्यासाठी नाही.

तुझं म्हणणं होतं उकरू नकोस. मी ती रीत परत घ्यायचा प्रयत्न केला होता, हे तू बघशीलच. पण खरं सांगू, मनीषाने माझं दुसरं पत्र बाजूला ठेवलं याचं मला वाईट वाटत नाही.

तुला राग आला असेल तर स्पष्ट लिही. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही लिही.

तुझी,
ताई

*

आश्रमशाळा, सुरगाणा
९ ऑगस्ट १९९९

ती. ताईस,
सा. न.

राग आला होता. चार दिवस तुझं पत्र ट्रंकेत टाकून ठेवलं. मनात म्हटलं, बाबांचं झाड गेलं, आणि ते माझ्या नावावर गेलं, मला न विचारता. तुला तसं लिहायलाही बसले होते. पुढे काय झालं ते ऐक.

गेल्या आठवड्यात नाशिकला प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी लवकर सुटलो. सुरगाण्याच्या गाडीला वेळ होता. मी रिक्षात बसले आणि तोंडातून इंदिरानगर निघालं.

दार मनीषाने उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं की ओळखणं कठीण नाही. तिने मला मिठी मारली नाही, रडली नाही, बरं केलं. फक्त म्हणाली, "या. हे घरात आहेत."

कुंदन पेपर वाचत होता. केस पिकलेत, पोट सुटलंय. रस्त्यात भेटला असता तर मी ओळखलं नसतं. मला बघून उठला आणि उभाच राहिला. मी म्हटलं, "झाड बघायला आले."

गच्चीवर गेलो तिघंही. ताई, मला वाटलं होतं मला बाबा आठवतील आणि मी कोसळेन. तसं झालं नाही. निळी कुंडी आणि तिच्यात तांबूस, कोरडं झाड. मी झाडाकडे बघितलं, मग कुंदनकडे. तो खाली बघत होता. आणि मला बरं वाटलं. तुला मी लिहिलं होतं की मला त्या माणसाशी काही घेणंदेणं नाही. ते खरं नव्हतं. मी इतकी वर्षं स्वतःलाही ते खरं म्हणून सांगत होते.

तेवढ्यात त्यांची मुलगी वर आली. ओठाशी ठिपका, मानेवर दोन. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. आमच्या शाळेतल्या मुली पहिल्या दिवशी बघतात तसं नाही, काहीतरी सापडल्यासारखं. मग माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, अगदी चिकटून.

मी तिच्यासमोर त्याला विचारलं, "माझ्या बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं की नव्हतं?"

तो म्हणाला, "आता त्याचं काय."

मनीषा म्हणाली, "त्या विचारताहेत ते सांगा."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.  मग कुंदन म्हणाला, "सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"कोड आहे म्हणून. पहिल्याच दिवशी. मी चालेल म्हटलं होतं." मग त्याने मान वर केली, पण माझ्याकडे नाही, मुलीकडे. "निकमांनी काही लपवलं नव्हतं. तुझ्या आजोबांनीपण नाही."

एवढं बोलून तो  जिना उतरून खाली गेला, आणि मागे दार लावल्याचा आवाज आला.

मी त्याला माफ करायला गेले नव्हते आणि केलंही नाही. रागाने गेले होते, रागातच परत आले. पण बाबांचं नाव त्या घरात त्याच्याच तोंडून धुतलं गेलं, त्याच्या लेकीसमोर. ते ऐकायला मला त्या गच्चीवर जावं लागलं आणि तुम्ही दोघींनी झाड मारलं नसतं तर मी गेले नसते. म्हणून तुझ्यावरचा राग मी सोडला. पूर्ण नाही, थोडा ठेवलाय. भेटलीस की भांडेन.

मनीषाने चहा केला. सिंधूने विचारलं, माझे डाग कधी सुरू झाले, दुखले का, शाळेत मुलं काय म्हणायची. मी सगळं सांगितलं. ती सारखी प्रश्न विचारत होती आणि तिची आई गॅसशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. मग गाडीची वेळ झाली. पोर कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, भर उन्हात, माझा हात धरून.

इकडे पाऊस आहे, नागलीची लावणी चालू आहे. मुली चिखलाचे पाय घेऊन वर्गात येतात. उद्या पहिली घटक चाचणी. पेपर अजून काढायचेत, आता बसते.

पल्लवी